रॅक प्रशीतन तंत्रज्ञ

रॅक प्रशीतन तंत्रज्ञ : सुपरमार्केटमधील अन्नपदार्थ थंड राखणाऱ्या सामाईक प्रशीतन यंत्रणेची उभारणी, देखभाल व दुरुस्ती करणारा कुशल कारागीर. मोठ्या किराणा भांडारात दूध, मांस व भाजीपाला यांच्या उघड्या मांडण्या, गोठविलेल्या अन्नाची काचेच्या दारांची कपाटे आणि मागील बाजूस शीतगृहे असतात. या प्रत्येक कपाटाला स्वतंत्र यंत्र नसते. यंत्रखोलीत अथवा छपरावर एका पोलादी सांगाड्यावर अनेक संपीडक (कॉम्प्रेसर) शेजारी शेजारी बसविलेले असतात व ते सर्व मिळून भांडारातील अनेक कपाटांना थंडावा पुरवितात. या सांगाड्याला रॅक म्हणतात आणि त्यावरून संपूर्ण यंत्रणेलाही तेच नाव पडले आहे. रॅक यंत्रणेचा सर्वाधिक प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील पद्धतीचे वर्णन केले आहे.

घरगुती प्रशीतकपाटात (फ्रिजमध्ये) साधारणतः शंभर ग्रॅमच्या आसपास प्रशीतक (थंडावा निर्माण करणारा पदार्थ, बोलीभाषेत ‘गॅस’) असतो व तो झाळून बंद केलेल्या नळ्यांत वर्षानुवर्षे टिकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्या ‘ग्रीनचिल’ या २००७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात दिलेल्या अंदाजानुसार तेथील सर्वसाधारण सुपरमार्केटमध्ये सु. १,६०० किग्रॅ. प्रशीतक असतो आणि त्यापैकी सु. २५ टक्के दरवर्षी गळून जातो. म्हणजे दर चार वर्षांत एका पूर्ण भरण्याइतका प्रशीतक हवेत मिसळतो. हे प्रमाण कमी करणे हे या व्यवसायापुढील मुख्य आव्हान आहे. त्यासाठी नवी यंत्रे जितकी उपयोगी पडतात, तितकीच तंत्रज्ञाची दोषाचे मूळ शोधण्याची सवय उपयोगी पडते.

पार्श्वभूमी : ग्राहकाने स्वतः मांडणीवरून वस्तू उचलावी, ही पद्धत क्लॅरेन्स सॉंडर्स यांनी १९१६ मध्ये मेंफिस येथील ‘पिग्ली विग्ली’ या दुकानात रूढ केली. मायकेल कलेन यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात ‘किंग कलेन’ हे प्रशस्त भांडार उघडले. त्याची गणना आरंभीच्या सुपरमार्केटांत होते. त्याच वर्षी क्लॅरेन्स बर्ड्‌झाय यांच्या पद्धतीने जलद गोठविलेले अन्नपदार्थ मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील दुकानांत प्रायोगिक विक्रीसाठी ठेवण्यात आले. टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ च्या सुमारास शोधलेले क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील प्रशीतक याच सुमारास उपलब्ध झाले. अमोनिया व सल्फर डाय-ऑक्साइड यांच्याप्रमाणे ते विषारी नव्हते व पेटही घेत नव्हते, त्यामुळे गिऱ्हाइकांची वर्दळ असलेल्या जागी प्रशीतकाचे लांबच लांब नळ नेणे शक्य झाले.

आरंभी प्रत्येक कपाटासाठी वा कपाटांच्या गटासाठी एकेक संपीडक असे. एक संपीडक बंद पडला की त्यावरील सर्व माल धोक्यात येई, शिवाय प्रत्येक संपीडक सर्वाधिक उष्ण दिवसाच्या गरजेनुसार निवडावा लागत असल्याने एरवी त्याची क्षमता वाया जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समांतर जोडलेल्या संपीडकांची रॅक पद्धत प्रचारात आल्यावर हे दोन्ही दोष बव्हंशी दूर झाले. मात्र त्याबरोबर एक नवा धोका निर्माण झाला. सर्व कपाटे एकाच प्रशीतकावर चालत असल्याने एका कोपऱ्यातील फुटक्या नळीतून संपूर्ण भांडाराचा प्रशीतक निघून जाऊ शकतो.

रचना व कार्य : द्रवाचे बाष्पीभवन होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, या तत्त्वावर ही यंत्रणा चालते [⟶ प्रशीतन]. कपाटाच्या मागे वा तळाशी असलेल्या पंखेदार नळ्यांच्या संचात, म्हणजे बाष्पकात, द्रव प्रशीतक प्रसरण झडपेतून येतो व कमी दाबाखाली उकळतो. तयार झालेली वाफ चूषण नळातून रॅककडे जाते. संपीडक तिचा दाब वाढवून ती छपरावरील संघनकात ढकलतात. तेथे पंख्यांच्या वाऱ्याने वाफ थंड होऊन तिचा पुन्हा द्रव होतो व तो संचय टाकीत जमा होऊन निरनिराळ्या मंडलांना वाटला जातो. आर-४०४ए हा दीर्घकाळ प्रचलित असलेला प्रशीतक घेतल्यास –३०° से. तापमानास त्याचा संपृक्त दाब (निरपेक्ष) सु. २ बार, तर ४०° से. तापमानास सु. १८ बार असतो. म्हणजे दाबमापकावरील आकडा वाचता आला की आतील तापमानही कळते. दाब व तापमान यांचे हे कोष्टक तंत्रज्ञाला जवळजवळ तोंडपाठ असावे लागते.

भांडारात बहुधा किमान दोन स्वतंत्र तापमान-पातळ्या राखतात. दूध, मांस व भाज्या यांच्यासाठी मध्यम तापमानाचे रॅक आणि गोठविलेल्या अन्नासाठी (सु. –१८° से.) व आइसक्रीमसाठी (त्याहूनही कमी) नीच तापमानाचे रॅक असतात. एकाच रॅकवरील मंडलांना थोडी भिन्न तापमाने हवी असल्यास त्यांच्या चूषण नळावर दाबनियंत्रक झडपा बसवितात. भांडाराची गरज वाढली की नियंत्रक एकामागून एक संपीडक सुरू करतो व ती कमी झाली की बंद करतो. चूषण दाब आवश्यकतेपेक्षा कमी ठेवल्यास वीज वाया जाते. बाष्पीभवनाचे तापमान १° से.ने उतरविल्यास विजेचा खप साधारणतः दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. सुपरमार्केटच्या एकूण वीजवापरापैकी सु. निम्मा भाग प्रशीतनाचा असल्याने ही बाब क्षुल्लक नसते. संघनकातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा काही भाग पाणी तापविण्यासाठी व हिवाळ्यात इमारत उबदार ठेवण्यासाठी वापरता येतो.

संपीडकातील वंगण तेलाचा काही अंश वाफेबरोबर बाहेर पडतो. विलगकात तो वेगळा करून तेलसाठ्यात व तेथून पातळी-नियंत्रकांच्या द्वारे प्रत्येक संपीडकात परत पाठवितात. बाष्पकावर हवेतील बाष्पाचे हिम साचत असल्याने ते ठराविक वेळी वितळवावे लागते. मध्यम तापमानाच्या कपाटांत केवळ प्रशीतकाचा पुरवठा थांबविणे पुरेसे होते. गोठविलेल्या अन्नाच्या कपाटांत विजेच्या तापकाने अथवा संपीडकाकडील उष्ण वाफ उलट दिशेने बाष्पकात सोडून हिम वितळवितात.

दोषनिदान : या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य म्हणजे दोषाचे मूळ ओळखणे. ग्राहक म्हणून भांडाराचा व्यवस्थापक एवढेच सांगू शकतो, की ‘अमुक ओळीतील कपाटे तापली आहेत’. या एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात : बाष्पकाचा पंखा बंद पडणे, हिम न वितळल्याने हवेचा मार्ग बुजणे, पाण्याचा निचरा तुंबणे, प्रसरण झडपेच्या गाळणीत कचरा अडकणे, सॉलेनॉइड झडपेचे वेटोळे जळणे, संपीडकाच्या झडपा झिजणे, छपरावरील संघनक धुळीने भरणे अथवा प्रशीतक कमी पडणे. कित्येकदा यंत्रणा निर्दोष असते व मालाच्या खोक्यांनी परत हवेची फट झाकली गेल्यामुळे कपाट तापलेले असते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ यंत्रखोलीत जाण्यापूर्वी कपाटासमोर उभे राहून पाहणी करतो.

निदानासाठी दोन राशी विशेष उपयोगी पडतात. बाष्पकातून बाहेर पडणाऱ्या वाफेचे प्रत्यक्ष तापमान तिच्या दाबाशी संबंधित संपृक्त तापमानापेक्षा जितके अधिक, त्याला अतितापन म्हणतात. उदा., चूषण दाबावरून संपृक्त तापमान –३०° से. येत असेल आणि नळाचे तापमान –२५° से. असेल, तर अतितापन ५° से. होय. ते फार वाढल्यास बाष्पकाला द्रव अपुरा मिळतो आहे असे समजावे. ते जवळजवळ शून्य झाल्यास न उकळलेला द्रव संपीडकाकडे परत जात आहे असा अर्थ होतो. द्रवाचे तापमान त्याच्या दाबाशी संबंधित संपृक्त तापमानापेक्षा जितके कमी, त्याला अवशीतन म्हणतात. अवशीतन पुरेसे नसल्यास नळातच वाफेचे बुडबुडे होतात व ते निरीक्षण-काचेतून दिसतात.

समजा, एका मंडलातील अतितापन वाढलेले आहे, परंतु इतर मंडले व्यवस्थित आहेत आणि निरीक्षण-काच स्वच्छ आहे. अशा वेळी दोष त्या मंडलातच, झडपेत वा गाळणीत, शोधला पाहिजे. सर्वच मंडलांचे अतितापन वाढले असून काचेत बुडबुडे दिसत असतील, तर प्रशीतक कमी झाल्याचा संशय घ्यावा. तथापि तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. काचेच्या अलीकडे असलेला शोषक-गाळक तुंबला असल्यासही बुडबुडे येतात. त्याच्या दोन्ही टोकांच्या तापमानांत फरक आढळला, तर दोष गाळकाचा असतो व वाढीव प्रशीतक भरल्याने काहीही साध्य होत नाही.

ऋतुमानाचाही यात संबंध येतो. थंड प्रदेशांत संघनकाचा दाब फार उतरू नये म्हणून हिवाळ्यात त्यातील काही नळ्या द्रवाने भरलेल्या ठेवण्याची योजना असते. त्यामुळे हिवाळ्यात संचय टाकीत द्रव कमी उरतो. उन्हाळाभर चालू असलेली बारीक गळती मोठ्या टाकीमुळे लक्षात येत नाही. थंडीची पहिली कडक रात्र आली, की टाकी रिकामी पडते व अनेक कपाटे एकदम तापू लागतात. अशा रात्री दोष अकस्मात उद्भवल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो काही महिने जुना असतो.

हाच न्याय संपीडकालाही लागू पडतो. निकामी झालेला संपीडक बदलून त्याच्या बिघाडाचे कारण न शोधल्यास नवा संपीडकही त्याच मार्गाने जातो. अर्धबंद पद्धतीचा संपीडक उघडता येतो व आतील भाग पाहून कारण ओळखता येते. द्रव प्रशीतक परत येऊन तेल पातळ झाले असल्यास धारवे व दांडे झिजलेले दिसतात. द्रवाचा लोंढा एकदम सिलिंडरात शिरला असल्यास झडपांच्या पात्या तुटलेल्या आढळतात. तेलाची पातळी उतरल्याचा इशारा आला की वरून तेल ओतणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु तेल यंत्रणेबाहेर गेलेले नसून दूरच्या नळांत वा बाष्पकांत अडकलेले असेल, तर परिस्थिती बदलताच ते सर्व एकदम परत येते आणि संपीडकाचे नुकसान होते. प्रशीतक असो वा तेल, केवळ भर घालण्याने लक्षण नाहीसे होते. कारण तसेच राहते.

गळती व तिचा शोध : रॅक यंत्रणेतील नळ सबंध भांडारभर पसरलेले असतात आणि त्यांना अनेक झाळलेले सांधे, आटेदार जोड, झडपा व बारीक नियंत्रण-नळ्या असतात. संपीडकांची कंपने, आधाराशी घासणारा तांब्याचा नळ, हिम वितळविताना होणारे वारंवार प्रसरण-आकुंचन, तपासणी-झडपेवरील हरवलेले टोपण ही गळतीची नेहमीची कारणे होत. प्रशीतकाबरोबर थोडे तेलही बाहेर येत असल्याने सांध्यावरील तेलकट डाग ही पहिली खूण असते. याखेरीज इलेक्ट्रॉनीय शोधक, साबणाचे पाणी, श्राव्यातीत ध्वनिशोधक व रंजकद्रव्ये यांचा उपयोग करतात. इलेक्ट्रॉनीय शोधकाने गळतीचा परिसर कळतो, नेमका सांधा मात्र बहुधा साबणाच्या फेसानेच निश्चित होतो.

गळती सापडल्यावर त्या भागातील प्रशीतक पंपाने टाकीत काढून घ्यावा लागतो. झाळकाम करताना नळातून नायट्रोजन संथपणे वाहता ठेवतात. तसे न केल्यास नळाच्या आत तांब्याच्या ऑक्साइडाची काळी खपली धरते व ती पुढे गाळण्या आणि झडपा तुंबविते. नंतर नायट्रोजनाच्या दाबाने चाचणी घेऊन व निर्वात पंपाने हवा आणि ओलावा काढून मगच प्रशीतक भरतात. आधुनिक पॉलिऑल एस्टर तेले हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेत असल्याने ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे. मिश्र प्रशीतकातील घटक वेगवेगळ्या प्रमाणात बाष्परूप होतात, म्हणून तो द्रवरूपातच भरावा लागतो; अन्यथा मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

हे सर्व काम बहुधा रात्री, माल कपाटात असताना व उरलेले रॅक चालू ठेवून करावे लागते. म्हणूनच गळती न शोधता प्रशीतकाची भर घालून निघून जाण्याचा मोह प्रबळ असतो. कपाटे तासाभरात थंड होतात, व्यवस्थापक समाधानी होतो व तंत्रज्ञाला घरी जाता येते. या एका सवयीची किंमत आकड्यांत मांडता येते. आर-४०४ए या प्रशीतकाची जागतिक तापनक्षमता ३,९२२ धरली जाते, म्हणजे त्याचा १ किग्रॅ. शंभर वर्षांच्या कालावधीत ३,९२२ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाइतकी तापमानवाढ घडवितो. वर उल्लेखिलेल्या सर्वसाधारण सुपरमार्केटमध्ये हा प्रशीतक असल्यास वर्षाला गळणारा ४०० किग्रॅ. साठा सु. १,५७० टन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बरोबरीचा होतो.

प्रशीतकांतील स्थित्यंतरे : मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांमुळे वातावरणातील ओझोन थराचा नाश होतो असे प्रतिपादन केले. या संशोधनासाठी त्यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल क्रुट्झन यांच्यासमवेत मिळाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करार झाला आणि सुपरमार्केटमध्ये प्रचलित असलेल्या आर-१२ व आर-५०२ या प्रशीतकांचा शेवट ठरला. त्यांची जागा प्रथम आर-२२ व नंतर ओझोनाला अपाय न करणाऱ्या, परंतु प्रबळ तापनक्षमता असलेल्या आर-४०४ए सारख्या हायड्रोफ्ल्युओरोकार्बनांनी घेतली. २०१६ मध्ये किगाली (रुआंडा) येथे करारात दुरुस्ती होऊन या दुसऱ्या वर्गाचाही वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून आर-२२ चे नवे उत्पादन व आयात बंद झाली. यूरोपीय संघाने २०१४ च्या नियमांनुसार २०२२ पासून मोठ्या केंद्रीय यंत्रणांसाठी सर्वसाधारणपणे १५० हून कमी तापनक्षमतेची मर्यादा घातली. अशा प्रकारे एकाच तंत्रज्ञाच्या कारकीर्दीत प्रशीतक, तेल, झडपा आणि दाब-तापमानाची कोष्टके तीन-चार वेळा बदलली.

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातील १९९० च्या दुरुस्तीने प्रशीतक जाणूनबुजून हवेत सोडण्यास मनाई केली. ओझोननाशक प्रशीतकांना ती १९९२ पासून व हायड्रोफ्ल्युओरोकार्बनांना १९९५ पासून लागू झाली. नोव्हेंबर १९९४ पासून प्रशीतक हाताळणाऱ्यास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. ओझोननाशक प्रशीतकाचा सु. २३ किग्रॅ. (५० पौंड) वा अधिक साठा असलेल्या व्यापारी प्रशीतन यंत्रणेची वार्षिक गळती २० टक्क्यांहून अधिक आढळल्यास ठराविक मुदतीत, सामान्यतः ३० दिवसांत, दुरुस्ती करण्याचे बंधन २०१९ पासून आले. तत्पूर्वी ही मर्यादा ३५ टक्के होती. गळतीचे प्रमाण प्रशीतक भरल्याच्या नोंदीवरून काढतात. त्यामुळे तंत्रज्ञाने कामाच्या चिठ्ठीवर लिहिलेला किलोग्रॅमचा आकडा हा कायदेशीर पुरावा ठरतो. तो आकडा खरा नसेल, तर पुढील सर्व हिशेब निरर्थक होतो.

कार्बन डाय-ऑक्साइडाचे रॅक : तापनक्षमता केवळ १ असलेला कार्बन डाय-ऑक्साइड (आर-७४४) एकोणिसाव्या शतकात प्रशीतक म्हणून वापरात होता. नॉर्वेतील गुस्ताव लोरेन्ट्‌झन यांच्या संशोधनामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे पुनरुज्जीवन झाले व यूरोपातील सुपरमार्केटमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरात आला. त्याचे क्रांतिक तापमान सु. ३१° से. व क्रांतिक दाब सु. ७४ बार आहे. बाहेरील हवा याहून उष्ण असल्यास त्याचा द्रव होऊ शकत नाही. म्हणून छपरावरील भाग संघनक न राहता केवळ वायुशीतक ठरतो व तेथील दाब ९० बार वा त्याहून अधिक राखावा लागतो. उष्ण प्रदेशांत यामुळे विजेचा खप वाढतो. तो आटोक्यात ठेवण्यासाठी समांतर संपीडन व उत्क्षेपक यांसारख्या योजना करतात.

जुन्या प्रशीतकांवर शिकलेल्या तंत्रज्ञाला येथे काही सवयी सोडाव्या लागतात. दाब सु. ५.२ बारच्या (निरपेक्ष) त्रिक बिंदूखाली गेला की द्रवाचा घन बर्फ होतो व तो नळ वा मुक्तता-मार्ग बंद करू शकतो. म्हणून निर्वात केलेल्या नळात द्रव एकदम सोडता येत नाही. प्रथम वाफेने दाब वाढवावा लागतो. दोन बंद झडपांमध्ये द्रव अडकून तापल्यास नळ फुटण्याचा धोका असतो. वीज जाऊन यंत्रणा थांबल्यास आतील द्रव तापू लागतो. २०° से. तापमानास त्याचा दाब सु. ५७ बार होतो आणि सुरक्षा-झडपा उघडून प्रशीतक बाहेर जातो.

धोके : यंत्रखोलीत गळलेला प्रशीतक हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो व प्राणवायू हटवून गुदमरविण्यास कारणीभूत होतो. बहुतेक प्रशीतकांना लक्षात येण्याजोगा वास नसतो. कार्बन डाय-ऑक्साइड केवळ गुदमरवीत नाही, तर अधिक प्रमाणात प्रत्यक्ष विषारी ठरतो. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हवेतील त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ५,००० भाग असून ४०,००० भाग ही पातळी जीवितास तात्काळ धोकादायक मानली जाते. म्हणून खोलीत शिरण्यापूर्वी बाहेरील सूचक पाहणे व वायुवीजन चालू असल्याची खात्री करणे आवश्यक असते. हॅलोजनयुक्त प्रशीतक ज्योतीच्या संपर्कात आल्यास हायड्रोजन फ्ल्युओराइडासारखे घातक वायू तयार होतात. द्रवाचा फवारा कातडीवर पडल्यास हिमदंश होतो. यांशिवाय विजेचा धक्का, छपरावरून पडणे व रात्रीच्या एकट्याच्या पाळीत मदत न मिळणे हे धोके आहेतच.

अन्नसुरक्षेची जबाबदारी : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेनुसार नाशवंत पदार्थ ५° से. (४१° फॅ.) किंवा त्याहून कमी तापमानास ठेवावे लागतात. कपाटातील तापमापक हवेचे तापमान दाखवितो. पदार्थ मात्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. दुरुस्तीनंतर तापमापकावरील आकडा पूर्ववत झाला, तरी पदार्थ किती वेळ तापलेला होता हे त्यावरून कळत नाही. माल टाकून द्यावा की विकावा, हा निर्णय भांडाराचा असतो. परंतु तो ज्या माहितीवर घेतला जातो ती बव्हंशी तंत्रज्ञाकडून व नियंत्रकाच्या नोंदींतून मिळते. काळ आणि तापमान जसे आढळले तसे सांगणे हा त्याच्या कामाचाच भाग होय. नुकसान टाळण्याची इच्छा असलेल्या व्यवस्थापकासमोर हे सांगणे प्रत्येक वेळी सोपे नसते.

प्रशिक्षण : अमेरिकेत नळकाम व प्रशीतन कारागिरांच्या संघटनेमार्फत पाच वर्षांची उमेदवारी करून अथवा व्यवसाय विद्यालयातील शिक्षणानंतर अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली काम करून या व्यवसायात प्रवेश मिळतो. तंत्रज्ञाला प्रशीतनाखेरीज त्रिकला वीज, नियंत्रण मंडले, झाळकाम व संगणकीय नियंत्रक यांचे ज्ञान लागते. दूरस्थ केंद्रातून अनेक भांडारांचे तापमान व दाब पाहता येऊ लागल्याने काही दोष प्रत्यक्ष जाण्यापूर्वीच ओळखता येतात. तथापि घासणारा नळ, तेलकट सांधा किंवा संपीडकाचा बदललेला आवाज ओळखण्यासाठी अद्यापि माणूसच यंत्राजवळ जावा लागतो. आळीपाळीने येणारी रात्रंदिवस हजर राहण्याची पाळी हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य असून ते अनेकांच्या व्यवसाय सोडण्याचे कारणही ठरते.

भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलन या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो आणि महाराष्ट्रातील अनेक संस्थांमध्ये तो उपलब्ध आहे. भारत १९९२ मध्ये माँट्रिऑल कराराचा सदस्य झाला. किगाली दुरुस्तीला त्याने २०२१ मध्ये मान्यता दिली. तीनुसार २०३२ पासून चार टप्प्यांत, २०४७ पर्यंत, हायड्रोफ्ल्युओरोकार्बनांचा वापर ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. घरगुती प्रशीतकपाटांची व वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या बोलण्यात ‘गॅस भरणे’ हा दुरुस्तीचाच पर्याय होऊन बसला आहे. वस्तुतः बंद मंडलातील प्रशीतक खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठून तरी गळला आहे. काही ग्रॅमच्या यंत्रात या भेदाकडे दुर्लक्ष झाले तर त्याचे परिणाम मर्यादित राहतात. शेकडो किलोग्रॅमच्या रॅकवर तेच दुर्लक्ष अन्न, वीज व वातावरण या तिन्हींना महाग पडते. गळती शोधून ती बंद करणे आणि भरलेल्या प्रशीतकाची खरी नोंद ठेवणे, या दोन गोष्टींवर या व्यवसायाची प्रतिष्ठा अवलंबून आहे.